पकड

अग्निशमन दलाच्या भरतीत पुल-अप्स मारायचे, तर मनगटात दम हवा. म्हणून ती रोज दाराच्या चौकटीतल्या दांड्याला लोंबकळायची, ओले टॉवेल पिळायची. "वटवाघूळ झालीय पोरगी," म्हणत बाबा हसायचे.

त्या सकाळी गच्चीवरची टाकी दुरुस्त करताना बाबांचा पाय घसरला. ते कठड्यापलीकडे जाता जाता तिने त्यांचं मनगट पकडलं.

"सोड मला, तूही पडशील!" बाबा ओरडले. तिने डोळे गच्च मिटले, पण हात सोडला नाही. शेजारी धावत आले आणि त्यांनी बाबांना वर ओढून घेतलं.

"अगं, आलो मी वर. सोड आता हात."

"सोडतेय हो बाबा," ती हुंदके देत म्हणाली, "पण बोटं उघडतच नाहीयेत!"