कापूस पांघरलेले

"एकही सोडू नका, भावजी," म्हणत लोचनानं द्राक्षवेलीच्या खोडावर गोणपाट खसाखसा घासलं. कापूस पांघरल्यासारखे पांढरे पिठ्या ढेकूण चिरडले आणि पिवळं पाणी तिच्या मनगटापर्यंत ओघळलं.

या ढेकणांना खाऊन संपवतील म्हणून तिनंच गेल्या महिन्यात प्रयोगशाळेतून भुंगेरे आणून बागेत सोडले होते. ते थोड्याच दिवसांत दिसेनासे झाले. आता खोडाखोडावर हे पांढरे, आधीपेक्षा मोठे आणि चपळ.

"तुमचे भुंगेरे गेले उडून, वहिनी. हे बघा कसे माजलेत," पलीकडच्या ओळीतून दीर दत्तू म्हणाला. तोही अंगठ्यानं रगडत होता. दुपारपर्यंत दोघांनी सगळी बाग पुसून काढली. मारताना लोचनाला बरं वाटत होतं.

शेवटच्या वेलीवर एक मोठा पांढरा तिच्या हातावर चढला. बोटाला चिकटलेला एक ढेकूण त्यानं जबड्यात धरला, पोट फाडलं आणि तो पाय झाडत असतानाच आतला गर खाल्ला.

ढेकूण ढेकणाला खात नाही. लोचनानं नखानं त्याच्या पाठीवरचा कापूस हळूच सारला. खाली भुंगेऱ्याची अळी होती.

"भावजी, भुंगेरे अंडी घालून गेले होते. आपण त्यांचीच पोरं मारली."

दत्तू ओळ ओलांडून तिच्याजवळ आला.

अळी लोचनाच्या अंगठ्यावरचं पिवळं पाणी, आपल्याच भावंडांचं, चाटत होती. ते संपलं तसा तिनं कातडीत जबडा रुतवला.

"झटका ना, वहिनी. चावतेय ती."

लोचनानं हात हलवला नाही.

"खाऊ दे."