ओंजळीतला बाजा

“हवा गळतेय, काका,” सुमंत म्हणाला. “बोटांत फट राहतेय.”

प्रल्हादरावांनी हार्मोनिका तोंडापासून काढली, निळ्या चौकड्यांच्या रुमालाने पुसली आणि पुन्हा धरली. डाव्या अंगठ्यात आणि तर्जनीत बाजा, उजवा पंजा मागून वाटीसारखा. पुन्हा फट राहिली. जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज निघाला.

कोपऱ्यात बसलेल्या इरावतीने मान खाली घातली. बाबांनी आग्रह केला म्हणून ती पहिल्या दिवशी सोबत आली होती. आई जाऊन दोन महिने झाले नव्हते, आणि रेल्वेतून रिटायर झालेला तिचा बाप काशीतल्या शिंदे घाटाजवळच्या या खोलीत कॉलेजच्या पोरांच्या रांगेत बसून ब्लूज हे अमेरिकी संगीत शिकत होता.

“तर्पणाला ओंजळ करता ना, तशी करा,” सुमंत म्हणाला. “फक्त पाणी सोडायचं नाही. आणि फुंकू नका. ब्लूजचा खरा सूर श्वास आत ओढताना लागतो. ओढता ओढता खाली वाकवायचा. टाइम लगेगा, काका.”

“लागू दे,” बाबा म्हणाले. “वेळच आहे आता.”

ब्रह्मा घाटाच्या गल्लीत खिडकीसमोर खिडकी. समोरच्या बकुळमावशींनी लवकरच विचारलं, “काय गं इरा, लग्न निघालंय का तुमच्याकडे? बाजा ऐकू येतो रोज.”

“बाबा शिकतायत, मावशी.”

“शिकू दे, शिकू दे. आनंदीच्या वर्षश्राद्धापर्यंत तयार होतील.”

इरावतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आत आली.

तिचा खरा राग मात्र जुना होता. आईला घरातून नेलं तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ती हंबरडा फोडणार तेवढ्यात त्यांनी तिचं मनगट धरलं होतं. “रडायचं नाही, इरा. काशीत गेलेल्या माणसासाठी रडत नाहीत. तिची वाट अडते.” ती गप्प झाली. तिचं रडणं तेव्हापासून राहूनच गेलं होतं, आणि बाबांना बाजा सुचत होता. आईचं नाव घरात निघत नव्हतं.

त्या संध्याकाळी बँकेतून आल्या आल्या ती बोललीच.

“बाबा, वाजवायचंच असेल तर खिडकी लावून वाजवा. मला लाज वाटते.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाले. उठून खिडकी लावली, मग खोलीचं दारही लोटून घेतलं.

काही दिवस घर शांत होतं. मग पुन्हा सुरू झालं, पण आता सूर वेगळा होता.

पिपाणी गेली होती. लोटलेल्या दाराआडून, पंख्याच्या घरघरीतून काहीतरी जाड आणि खोल यायचं. श्वास आत ओढला जायचा, मध्येच अडखळायचा, मग लांब खाली घसरत जायचा. गाणं असं नाहीच, नुसता सूर. सुमंतने सांगितलं होतं अगदी तसा. इरावती भाजी चिरताना सुरी थांबवून ऐकायची.

दर बुधवारी, क्लासच्या दिवशी, बाबा पिशवी घेऊन बाहेर पडत आणि दिवेलागणीला परतत.

“जमतंय का?” ती विचारायची.

“होतंय थोडं थोडं.”

एकदा चहा घेऊन गेली तर दार जरासं उघडं होतं. बाबा पलंगाच्या कडेला पाठमोरे बसले होते. कोपरं गुडघ्यांवर, दोन्ही पंजे तोंडाशी. बोटांत कुठे फट नव्हती. उजवा हात थोडा सैल झाला की सूर मोठा व्हायचा, मिटला की दबायचा. शिकवल्याबरहुकूम ओंजळ. तिने कप स्टुलावर ठेवला आणि आवाज न करता मागे फिरली. अशा माणसाला आपण खिडकी लावायला लावली, असं तिच्या मनात आलं आणि दिवसभर गेलं नाही.

जेवताना ती म्हणाली, “बाबा, टोन किती सुधारलाय तुमचा. हवा अजिबात गळत नाही आता.”

बाबांचा घास हातातच राहिला. “तुला ऐकू जातं?”

“थोडंसं. एकदा माझ्यासमोर वाजवा ना. खिडकी उघडून. मावशींनाही ऐकू दे.”

“नको, इरा. अजून जमत नाही.” त्यांनी ताटाकडे पाहिलं. “लाज वाटते.”

तिचाच शब्द तिला परत मिळाला होता.

मग तिने दाराशी फोन धरून बाबांचा सूर रेकॉर्ड केला आणि रविवारी लवंगलतिका मिठाईचा पुडा घेऊन सुमंतकडे गेली.

“अरे, ताई! किती दिवसांनी. काका ठीक आहेत ना? मी विचारणारच होतो—”

“आधी हे ऐका,” इरावती म्हणाली. “मग बोला. मी त्यांना एकदा नको ते बोलून बसले. आता माझ्यासमोर वाजवायला तयार नाहीत. तुम्ही गुरू, तुम्ही सांगितलं तर ऐकतील.”

तिने फोन टेबलावर ठेवला. सुमंत हसत ऐकायला लागला. थोड्या वेळाने त्याचं हसू गेलं. त्याने कान फोनजवळ नेला, मग इरावतीकडे पाहिलं.

“छान आहे ना?” तिने विचारलं.

तो उठला. कपाटातून काहीतरी काढून त्याने तिच्यापुढे ठेवलं. निळ्या चौकड्यांच्या रुमालात गुंडाळलेली हार्मोनिका.

“दोन-चार क्लास केले आणि ही देऊन गेले,” सुमंत म्हणाला. “म्हणाले, घरात बरं दिसत नाही. त्यानंतर काका आलेच नाहीत, ताई.”

टेबलावरच्या फोनमधून, ‘रडायचं नाही’ म्हणणाऱ्या बाबांचा सूर अजून येत होता.