हळदीचं बोट

भीमसिंगने आधी पंखा मॅडमकडे वळवला आणि मग नमस्कार केला.

"अर्पिता वानखडे. सुरमणी कंपनीकडून आले, नागपूरहून," त्या म्हणाल्या. "नकली टॅब विकतात अशी तक्रार आहे."

"कधीचा वाट पाहून राह्यलो मॅडम. बसा न. चहा सांगतो."

मॅडम बसल्या. त्यांच्यासोबत आलेला पोलीस रस्त्यापलीकडे, समोरच टॅब विकणाऱ्या बबलूच्या दुकानापुढच्या सावलीत जाऊन उभा राहिला. ते पाहून भीमसिंगला फार बरं वाटलं. तसं वाटू नये, पण वाटलं.

पुसदच्या या रस्त्यावर सुरमणीचे टॅब विकायला त्यानेच सुरुवात केली होती. सुरमणी म्हणजे एकेकाळी घराघरांत वाजणारा रेडिओ. रेडिओ गेले, कंपनीचा कारखाना बंद पडला, उरलं ते नाव. ते नाव कंपनी दुसऱ्या कारखान्याला भाड्याने देते आणि तो कारखाना टॅब काढतो, हे भीमसिंगला माहीत होतं. त्याच्या बंजारा तांड्याला एवढ्या खोलात जायची गरज नव्हती. बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं आणि आपला भीमसिंग काचेच्या दुकानात बसतो, यातच लोक खूश होते. तो असली म्हणाला की असली.

मग गेल्या पावसाळ्यात समोर बबलूने दुकान थाटलं. तोच निळा रंग, तेच गोल कोपरे, तेच नाव, आणि किंमत कमी. तांड्यात कुजबुज सुरू झाली. शेवटी होळीच्या दिवशी तांड्याचा कारभार पाहणाऱ्या प्रेमसिंग नायकांनी भर बैठकीत विचारलं, "भीमसिंग, तो बबलू सस्त्यात देते. मंग तू आपल्याच लोकाईले लुबाडलं का?"

नायकाने चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चारचौघांतच द्यावं लागतं. तोवर तांड्यात माणसाला मान वर करून बसता येत नाही. भीमसिंगला तर घरातसुद्धा घास गोड लागेना. दुसऱ्याच दिवशी त्याने टॅबच्या खोक्यावरचा पत्ता पाहून कंपनीला तक्रार धाडली.

"तुमचा माल कुठून येतो?" मॅडमनी विचारलं.

"अकोल्याच्या घाऊकवाल्याकून. पह्यल्यापासून तोच. दिवाळीले तं त्यानं भाव लय उतरवून देल्ला. जुन्या गिऱ्हाइकाची कदर हाये त्याले."

"अच्छा. आणि तुमचा टॅब ओळखायचा कसा? दोन्ही दुकानांतले सारखेच तर दिसतात."

याच प्रश्नासाठी भीमसिंग टपून बसला होता. त्याने एक टॅब उलटा करून पुढे ठेवला. मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, बोटाएवढा पिवळा डाग होता.

"माल आला का ही देवीपुढं मांडते," त्याने गल्ल्यावर बसलेल्या बायकोकडे, रामीबाईकडे, हात केला. "एकेक खोकं उघडून हळदीचं बोट लावते. त्याच्याबिगर मी इकत नाही."

"पोरगी सासरी धाडताना लावतो तशी," रामीबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या घरी चाललं न ते."

मॅडम हसल्या. टॅब मात्र त्यांनी जरा जास्तच वेळ हातात धरला. "म्हणजे हळद लागलेला प्रत्येक टॅब इथूनच गेलेला?"

"इथूनच. तांड्यातले आणून दाखवू का? नायकाले फोन लावतो."

"इतक्यात नका बोलावू. मॅडमले काम तं करू द्या," रामीबाई म्हणाली.

पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी भीमसिंगची गत झाली होती. बायकोचं ऐकलं असतं तर तो भीमसिंग कसला. त्याने फोन लावला.

तांडा काही दूर नव्हता. चहाचे कप विसळून होईतो जीप दुकानापुढे थांबली. आधी नायक उतरले, मग दिवाळीनंतर टॅब घेतलेली मंडळी. नायकांची नात अंजू नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास टॅबवरच करायची. तिने तो ओढणीत गुंडाळून आणला होता. मॅडमनी सगळे टॅब तपासले, हळद पाहिली, फोटो काढले. अंजूला तेवढं विचारलं, "पेपर कधी आहे बेटा?" आणि तिचा टॅब तिच्या हातात परत दिला.

भीमसिंगने घसा साफ केला. कितीतरी दिवसांनी तो नायकांच्या नजरेला नजर देत होता आणि त्याचा ऊर भरून आला होता.

"नायक, तुमी होळीले इचारलं होतं. आता जवाब ऐका. मॅडम, सांगा यायले, असली माल कोणाचा."

मॅडमनी दुकानातल्या गर्दीकडे पाहिलं. "आपण आत बसून बोलू या का?"

"आत कायले? मले भर बैठकीत इचारलं, जवाबही सगळ्याईसमोर झाला पाह्यजे."

"तुम्हाला त्रास होईल, म्हणून म्हटलं."

"मले कायचा तरास मॅडम? बोला तुमी."

मॅडमनी पोलिसाला हात केला. तो रस्ता ओलांडून आला, पायऱ्या चढला आणि भीमसिंगच्या कपाटापुढे उभा राहिला. त्याच्या मागोमाग बबलूही आला. आत येऊन कोपऱ्यात खाली मान घालून थांबला.

"सुरमणी हे नाव कंपनीने गेल्या उन्हाळ्यात, तुमचा माल जिथे बनतो त्या कारखान्याकडून काढून दुसऱ्याला दिलं," मॅडम म्हणाल्या. "जुना कारखाना अजूनही चोरून तेच छापतो. नव्या कारखान्याचा माल पुसदमध्ये फक्त बबलूभाऊंकडे येतो. तुमच्या खोक्यावरचा पत्ताही त्या जुन्या कारखान्याचाच. तुमची तक्रार आमच्यापर्यंत आलीच नाही, भीमसिंगजी. मी आले ती त्यांच्या तक्रारीवरून."