गाडीचा गडी

दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात एक मुंडकं होतं.

निळं, बोराएवढं, डोळ्यांच्या जागी दोन पिवळे ठिपके. फौजदारबाईंची नजर गेली तसं त्याने ते घाईघाईने खिशात टाकलं. मग ते जास्तच वाईट दिसेल असं वाटून पुन्हा बाहेर काढलं.

"खेळण्याचं आहे," तो म्हणाला. "चाचणी चालू आहे."

तक्रार खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची होती. तीन दिवस त्या शिलाई मशीन थांबवून ऐकत होत्या. वरून पुरुषाचा आवाज यायचा. मान पिरगाळली. खांदा उपटला. आता डोक्यावरून चाक नेतो. मग काहीतरी दाणकन आपटायचं आणि कुणीतरी विव्हळायचं. बायको मात्र एकदाही ओरडली नाही, आणि शिंपीणबाईंनी चौकी गाठली ती त्यामुळेच.

फौजदारबाईंनाही तेच खटकलं होतं. गेल्या महिन्यात अशाच एका दारातून, "आमचं काही नाही हो," या तिथल्या बाईच्या बोलण्यावर विसंबून त्या परत फिरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच दारातून त्या बाईला चादरीत गुंडाळून खाली आणलं. आज जिना एकटीने उतरायचा नाही, या घरातल्या बाईला घेऊनच उतरायचा, असं त्या स्वतःला बजावून आल्या होत्या.

खोलीत एक लांब टेबल होतं. त्यावर हातोडी, पक्कड, वजनाचा काटा आणि आवाज टिपणारं छोटं यंत्र. आईबापांसाठी निघणाऱ्या एका मासिकात तो खेळण्यांची परीक्षणं लिहायचा. हात कामात गुंतलेले, म्हणून जे करतो ते मोठ्याने बोलायचं आणि मागाहून ऐकून उतरवायचं, ही त्याची रीत. शिंपीणबाईंनी ऐकलं ते हेच, असं त्याचं म्हणणं होतं.

फौजदारबाईंनी करून दाखवायला सांगितलं.

टेबलावर मोठी बचावगाडी उघडून ठेवली होती. तिच्या पोटात उतार, पाळणा, स्प्रिंगचा फेकणारा हात. आणि तळहातावर मावेल असा यंत्रमानव. मुंडकं दाबून बसवताच त्याचे ठिपके चमकले.

"सात वळणं," तो म्हणाला. पाय दुमडले, छाती उलटली, डोकं आत गेलं. "झाली गाडी. पुन्हा सात, की गाडीचा गडी." एवढ्या एका वाक्यापुरता त्याचा आवाज उजळला.

मग त्याने गड्याची मान करकचून फिरवली. कडेवरून खाली सोडला, पोटावर हातोडी घातली, बचावगाडीचं चाक तोंडावरून दोनदा नेलं. प्लास्टिक किरकिरलं, पांढऱ्या चिरा गेल्या. हे सगळं तो मान खाली घालून, निवांतपणे करत होता. त्या निवांतपणाकडेच बाई बघत राहिल्या. त्याच्या दोन बोटांना पट्टी होती. एवढ्या उकाड्यात सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत. मारणाऱ्याचेही हात सुजतात, हे बाईंनी पुष्कळ पाहिलं होतं.

बोटांना काय झालं, हे त्यांनी विचारलं त्याला. उत्तर स्वयंपाकघरातून आलं.

"स्प्रिंग सुटली हो बोटांवर. धांदरट आहेत आमचे."

"हो," तो म्हणाला. "स्प्रिंग."

बायको हात पुसत बाहेर आली. चणीने बारीक, आवाज पाळणा म्हणावा असा. गड्याचा हात उपटून दाखवताना तो अडखळला, तशी ती हसली.

"अहो, असं नाही. द्या इकडे." तिने गडी घेतला आणि एका हिसक्यात हात खांद्यापासून वेगळा केला. "सगळा जोर एकदम लावायचा, मॅडम. हळूहळू ओढलं की उगाच चिवटपणा करतं."

तो एक पाऊल मागे सरकला. तुकडा उडेल म्हणून असावं.

बाईंनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार ओढून घेतलं. मान पाहिली, दंड पाहिले, पाठ पाहिली. धुतलेल्या ताटासारखं अंग. ओरखडासुद्धा नाही. तरी त्यांनी हट्ट सोडला नाही.

"निवाऱ्यात खोली आहे. दारावर पहारा आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी चला, गाडी खाली उभी आहे."

"मला? हे मारतील?" तिला खरंच हसू आवरेना. "मॅडम, मी हात उचलला नाही तर यांच्याने झुरळसुद्धा मरणार नाही. माझं घर सोडून मी कशाला जाऊ?"

त्या हसण्यात भीतीचा कण नव्हता. भीती ओळखण्यात बाईंची अर्धी नोकरी गेली होती. महिनाभराचं ओझं खांद्यावरून उतरल्यासारखं त्यांना वाटलं, आणि एका गरीब माणसावर संशय घेतल्याची लाजही.

बाहेर येऊन त्यांनी त्याची माफी मागितली. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, पाचपैकी किती तारे देणार याला?

तो गड्याचा हात पुन्हा खांद्यात बसवत होता. टक् असा आवाज झाला.

"चार," तो म्हणाला. "उपटलेला हात पुन्हा बसतो. कितीदाही बसतो. म्हणून तर ओढणाऱ्याला काही वाटत नाही. तेवढ्यासाठी एक तारा कापला."

बाई हसल्या आणि निघाल्या. आत नळ सुरू झाला, भांडी वाजू लागली. तीन पायऱ्या उतरल्या तोच मागे पावलं ऐकू आली. तो अनवाणी बाहेर आला होता. दार त्याने आवाज न करता लोटून घेतलं.

"मॅडम," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, "तिने नको म्हटलेली ती खोली मला मिळेल का?"