तुजा वास कुठं हाय

बोईसरच्या कारखान्यात कॉफीच्या चोथ्यातून क्रीमसाठी अर्क काढतात. चंद्रकांता तिथे कामाला लागली आणि डोक्यावरची मासळीची पाटी सुटली. रिक्षात शेजारच्या बाया नाकाला पदर लावायच्या, तेही थांबलं.

आज ड्युटी संपवून ती एडवणला आली तेव्हा अंग आंबून गेलं होतं. आंघोळ करूनही कॉफीचा वास अंगाला होताच. तिने तान्ह्या दिशाला घ्यायला हात पुढे केले. पोर मान फिरवून रडायला लागली.

"वळकलं नाय तिनं तुला," सासू म्हणाली. "त्या कापीच्या वासात तुजा वास कुठं हाय?"

चंद्रकांता अंगणात गेली. वाळत घातलेला एक बोंबील काढून तिने हातांवर, गळ्यावर चोळला. दिशा लगेच कुशीत शिरली.

तिला थोपटता थोपटता चंद्रकांता विचार करत होती, सकाळच्या रिक्षाआधी हा वास घालवायचा, तर किती वाजता उठावं लागेल?