पाटाकाठचं आणि विहिरीजवळचं

रस कारखान्याच्या चाखणाऱ्याने पाच नंबरच्या संत्र्याची फोड जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि सभागृह इतकं गप्प झालं की पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली.

थोरल्याने बायकोचा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच.

"सोडा," ती कुजबुजली. "लोक बघतायत. आणि घाम किती तो."

पाच नंबर त्याचं होतं. परीक्षकांना ते ठाऊक नव्हतं, पण थोरल्याला वाटत होतं, आपल्या कपाळावरच आकडा लिहिलाय.

राज्यातली जुनी संत्री आता कुणी घेईना. बिया फार, साल जाड. कारखाने नाक मुरडायचे. म्हणून सरकारने ठरवलं होतं की बागायतदारांकडूनच एक नवं वाण निवडायचं आणि राज्यभर तेच लावायला अनुदान द्यायचं. ज्याचं वाण निवडलं जाईल, त्याच्याच रोपवाटिकेतून साऱ्या राज्याला डोळकाड्या, म्हणजे कलमासाठी डोळे काढायच्या काड्या, जाणार होत्या. थोरल्याची रोपवाटिका आज तरली तर तरली. नाहीतर हंगाम संपला की फाटकाला कुलूप, हे नवरा-बायकोने जेवताना बोलून ठेवलं होतं.

सगळी वाणं गळून दोनच उरली होती. पाच आणि आठ. आठ नंबर मधल्या वाटेपलीकडे ताठ बसलेल्या माणसाचं होतं. तो थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ.

"आधी गोडी," चाखणारा डोळे न उघडता म्हणाला, "मग किंचित आंबट, आणि गिळल्यावर मागे मध राहतो. पाच नंबरला खोली आहे. आठ बरं आहे, पण उथळ."

"उथळ?" खात्याचे संचालक म्हणाले. "मला आठ जास्त नाजूक वाटलं. पाच जरा दांडगं आहे."

"दांडगं म्हणजे काय हो साहेब?" फळांची घाऊक व्यापारीण म्हणाली. "संत्रं आहे का पैलवान? माझं मत पाचला. आठ तोंडात टाकलं की कुठे गेलं तेच कळत नाही."

सभागृह हसलं. थोरला हसला नाही.

मतं मोजेपर्यंत बागायतदारांकडेही ताटल्या आल्या. थोरल्याने आठ नंबरची फोड चावली आणि त्याला एकदम हलकं वाटलं.

"पाणचट," तो म्हणाला. "नुसतं पाणी."

"मला तर सारखंच लागतंय," बायको म्हणाली.

"तुझी जीभ चहाने भाजलीय."

वाटेपलीकडे धाकट्याने पाच नंबर चाखून शेजाऱ्याला सांगितलं, ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "हे जनावरांना घाला. तीही विचार करून खातील."

वाटणी झाल्यापासून दोघांत एवढंच बोलणं उरलं होतं, तिसऱ्याला सांगून. तेव्हा जमीन, अवजारं, शिडीसुद्धा वाटून झाली. अडलं ते वडिलांनी, आबांनी, लावलेल्या संत्र्यापाशी. ते नेमकं नव्या बांधावर येत होतं. मला नाही तर तुलाही नाही, असं दोघंही म्हणाले. पंचांनी हात जोडून पाहिलं. शेवटी ठरलं की झाड तोडायचं आणि कुणी त्याची एक काडीही न्यायची नाही. त्या सगळ्या वाटणीत भावांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. झाड पडलं तेव्हा दोघं समोरासमोर उभे होते.

संचालक उठले. नियमाप्रमाणे आधी त्यांनी वाणांची माहिती वाचली. आठ नंबर, विहिरीजवळ पडलेल्या बीपासून उगवलेलं. पाच नंबर, पाटाच्या कडेला आपोआप आलेलं. ही पाटाची हकिकत थोरल्याने इतक्यांदा सांगितली होती की आता ती बायकोच जास्त रंगवून सांगायची.

"निवड," संचालक म्हणाले, "पाच नंबरची."

मग कुणी पाठ थोपटली, कुणी टोपी उडवली. मागच्या रांगेतला खतवाला थोरल्याकडची उधारी विसरून गळ्यात पडला. बायको पदराने डोळेही पुसत होती आणि हसतही होती. थोरल्याच्या डोळ्यांपुढे फाटक आलं, हिरवा रंग दिलेलं, समोर गाड्यांची रांग लागलेली.

"जरा थांबा," दारातून आवाज आला.

प्रयोगशाळेतल्या बाई होत्या. धावत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. शेवटी उरलेली वाणं खरंच नवी आहेत ना, हे पानांवरून तपासणं त्यांचं काम.

"पाच नंबरची नवं वाण म्हणून नोंद होणार नाही," त्या म्हणाल्या. "तेच वाण आमच्याकडे दुसऱ्या नावाने आलंय."

"कुठलं?"

"आठ नंबर."

चाखणाऱ्याने हातातली फोड हळूच ताटलीत ठेवली.

"म्हणजे एकाने दुसऱ्याचं चोरलं," संचालक म्हणाले.

"नाही. मी दोन्ही बागा पाहून आले. बीपासून उगवलेलं कुणाचंच नाही. दोन्ही खोडांवर डोळा भरून कलम केल्याची खूण आहे आणि दोन्ही एकाच वयाची आहेत. डोळे आलेत ते तिसऱ्याच एका झाडावरून." बाईंनी दोघा भावांकडे पाहिलं. "ते झाड दाखवलंत तर दोघांच्या नावावर नोंद करता येईल. कुठे आहे ते?"

बायकोने थोरल्याच्या हातातून आपला हात काढून घेतला. तो खाली बुटांकडे बघत राहिला.

पलीकडे खुर्ची सरकली. धाकटा वाट ओलांडून आला. आता जुंपणार म्हणून कुणीतरी फळांची टोपली बाजूला ओढली.

"दादा," धाकटा म्हणाला, "आबांच्या झाडावर कुऱ्हाड पडायच्या आदल्या रात्री तू माझ्या आधी गेला होतास की नंतर?"