रोशनचं धुकं

स्टेजच्या पडद्यामागे दीपा रोशनच्या खांद्यावरचा सुटलेला कापूस पुन्हा चिकटवत होती. मैद्याची खळ वाळली होती, त्यामुळे एक पुंजका बसवला की दुसरा निघायचा. चार वर्षांचं लेकरू, डोळे, नाक आणि तोंड सोडलं तर सगळं पांढरं.

"सांग बरं, तू कोण?"

त्याने आईकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

घरी त्याचं तोंड मिटत नसे. दारव्ह्याच्या या इंग्रजी शाळेत मात्र जूनपासून त्याने एक शब्द काढला नव्हता. त्याच्या वर्गाच्या अतिया मॅडम जीव लावणाऱ्या होत्या, पण त्यांनीही हळूच सांगून ठेवलं होतं की, स्टेजवर तरी बोलू दे, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा नर्सरीतच बसवावं लागेल.

वेशभूषा स्पर्धेचा विषय होता जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतली पात्रं. नियम एकच. आपण कोण, हे मुलानेच माइकवर सांगायचं, दुसऱ्या कोणी नाही. दीपाने इंग्रजी घेऊन बी.ए. केलं होतं. तिने एकेक पात्र मनात उभं करून पाहिलं. लॉर्डला संवाद फार. विधवा तर पानंच्या पानं बोलते. मग तिला धुकं आठवलं. त्या कादंबऱ्यांत धुकं म्हणजे नुसतं हवामान नसतं, तेही एक पात्रच असतं. माणसं मनातलं बोलेनाशी झाली की लेखक धुकं पाठवतो. हे तिने पेपरात लिहिलं होतं आणि त्याला मार्कही चांगले पडले होते. शिवाय धुक्याकडून बोलण्याची अपेक्षा कोण करतं? 'आय ॲम फॉग' म्हणायचं, थोडं इकडून तिकडे सरकायचं, झालं.

सासूबाईंनी, कांताबाईंनी, घरच्या शेतातला कापूस सरकी काढून दिला. सगळा चिकटवून झाल्यावर नातवाला उभं-आडवं न्याहाळलं आणि सुनेला विचारलं, हे लेकरू हाय का उशी.

स्टेजवर लॉर्ड येऊन जात होते. गावातल्या ड्रेसवाल्याकडे इंग्रज म्हणजे पंधरा ऑगस्टच्या नाटकातला गोरा शिपाई, त्यामुळे सगळे लॉर्ड लाल कोटात होते. एकाच्या कमरेला पिस्तूलही होतं. मग काळ्या ओढणीतली एक विधवा आली, 'थँक्यू' म्हणून टाळ्या घेऊन गेली.

रोशन माइकसमोर जाऊन उभा राहिला.

दीपाने पडद्याआडून ओठ हलवून दाखवले. त्याने ते नीट पाहिले आणि स्वतःचे घट्ट मिटले. मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणालं, "कापूस हाय हा, कापूस." आणि टाळ्या सुरू झाल्या. पालकांत निम्मे कापूसवालेच.

परीक्षक म्हणून कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक उत्तमसिंग शेठ आले होते. पहिल्या लॉर्डपासून त्यांचा डोळा लागला होता. आता ते सावरून बसले, मग उठले, आणि थेट स्टेजवर चढले. समोर कापूस असताना लांबून पाहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. रोशनच्या खांद्यावरचा एक पुंजका त्यांनी उपटला, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणला, उजेडासमोर धरला.

"धागा लांब हाय," ते म्हणाले. "ओल बी नाही."

टाळ्या वाढल्या. पण गंजीच्या वरवरचा कापूस पाहून कोणी भाव ठरवत नाही, आतलाही काढून बघतात. शेठनी पाठीवरचा एक काढला, मग पोटावरचा. रोशनची बनियन दिसू लागली. अतिया मॅडम खुर्चीत अर्धवट उठल्या. दीपाचा एक पाय स्टेजवर पडला होता. एवढं सांगितलं की झालं असतं, शेठजी, हे धुकं आहे. पण मग सांगितलं आईनेच, पोरगा मुकाच. आणि नाही सांगितलं, तर हा आता कापूस म्हणून पहिला येणार आणि नर्सरीत बसणार. तिने पाय मागे घेतला. पडदा मुठीत धरला.

शेठ गुडघ्यावरच्या पुंजक्याकडे वाकले, तसं रोशनने त्यांचं बोट पकडलं.

"काहून तोडून राह्यले?" माइक नेमका त्याच्या तोंडाशी होता. "मी कापूस नाही. मी धुकं हावो."

टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक शेजारी वाकून कुजबुजले की, मराठीत बोलला.

"बोलला," अतिया मॅडम म्हणाल्या.

उत्तमसिंग शेठ सरळ झाले. हातातला कापूस त्यांनी परत लावून पाहिला, तो चिकटेना, म्हणून सगळा रोशनच्या डोक्यावर ठेवला. मग त्यांनी हात जोडले. चेहऱ्यावर हसू नव्हतं. धुक्याशी बोलण्याची संधी काही रोज येत नाही.

"असं काय. म्हंजे धुवारी हाय तू. मंग बाप्पा, तुले एक इनंती हाय. तूर फुलावर असली का येत नको जाऊ. समदा फुलोरा गळते आमचा."

लोक हसले. मागून कोणीतरी ओरडलं की, बरोबर हाय शेठ, लेखी घ्या त्याच्याकून.

रोशनने डोक्यावरचा कापूस एका हाताने सांभाळला. थोडा विचार केला. मग माइकजवळ तोंड नेलं.

"येईन," तो म्हणाला. "रोज येईन."